फोन काढून घेऊ नका, पोरांच्या शेजारी बसा

दहावीचा निकाल लागला की यावल तालुक्यात घराघरांत एक मागणी पुढे येते. एके काळी ती सायकलची असे. मुलाला फैजपूरला किंवा भुसावळला कॉलेजात जायचे, मग एस.टी.चा पास आणि मनगटी घड्याळ एवढ्यावर काम भागत असे. आता मागणी मोबाईलची. आई केळीच्या बागेत रोजाने जाते, वडील कापणीच्या टोळीत घड वाहतात, आणि दहा-बारा हजारांचा फोन हप्त्याने घरात येतो. पेढे वाटून होतात, फोनला नवे कव्हर चढते आणि पंधरा दिवसांत त्याच घरात तक्रार सुरू होते. पोरगं फोन खाली ठेवत नाही. पोरगी फोन घेऊन गच्चीवर जाते. विचारले तर उलट बोलतात.

या तक्रारीवर आपल्याकडे दोनच उपाय ऐकू येतात. एक, फोन हिसकावून घ्या आणि पेटीत कुलूपबंद करा. दुसरा, 'आम्हाला त्यातले काय कळते, पोरे शिकलेली आहेत, त्यांचे ते बघतील' असे म्हणून मोकळे व्हा. आम्हाला हे दोन्ही उपाय एकाच माळेचे मणी वाटतात. दोन्हींत मूल एकटे पडते. आणि फोनच्या दुनियेत ज्या भामट्यांना आपल्या मुलांपर्यंत पोचायचे असते, त्यांना मूल एकटेच हवे असते.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे की आपल्या घरातला फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला, तेव्हा ते यंत्र मंत्र्यांचे आणि उद्योगपतींचे होते. आपल्या लोकांना एस.टी.डी. बूथवर रात्रीचा दर कमी होण्याची वाट पाहत रांगेत उभे राहणे तेवढे माहीत. २०१६ साली जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच फोनमध्ये शिरली, आणि ज्या घरी फोन नव्हता त्या घरच्या लेकराची शाळा सुटल्यासारखीच झाली. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन घ्यायचा, सीईटीचे हॉलतिकीट ऑनलाइन काढायचे, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची, आधारचा ओटीपी सांगायचा. ही सगळी कामे घरात कोण करते? पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, नाही तर मुलगी. वडिलांचा पिन त्यांना पाठ असतो आणि बँकेचा मेसेजही तेच वाचून दाखवतात. ज्या घरात पहिलीच पिढी दहावीच्या पुढे जात आहे, तिथे दुसरे काय होणार?

म्हणजे घराच्या तिजोरीची किल्ली आपण पोरांच्या हाती दिलेली आहे. ती सांभाळायची कशी, हे मात्र त्यांना कोणी शिकवले नाही. सायकल शिकवताना बाप सीट धरून मागे धावत होता. फोनच्या बाबतीत त्याने पेढ्याच्या पुड्यासोबत फोनही हातावर ठेवला आणि तो कामाला निघून गेला.

भोंगा आणि बंदी

या प्रश्नावर महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ साली गाव म्हणून काही ठरवले, त्याची माहिती आमच्या वाचकांना असावी.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. त्या गावात संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरातला टी.व्ही. बंद, मोबाईल बंद. दीड तासाने, साडेआठला, भोंगा पुन्हा वाजतो. तेवढ्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. हे ठरवण्यात गावातील महिलांचा पुढाकार होता आणि ऑगस्ट महिन्यातल्या महिलांच्या ग्रामसभेतून ही गोष्ट सुरू झाली, हे आम्हाला विशेष वाटते.

दुसरे गाव यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे बान्सी. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये असा ठराव केला. टाळेबंदीत हातात आलेला फोन सुटत नाही, मुले खेळात आणि नको त्या चित्रफितींत अडकली आहेत, हे त्यामागचे कारण. कळकळ खरी होती, त्याबद्दल शंका नाही.

आम्हाला वडगावची रीत अधिक पटते. भोंगा वाजला की बापालाही फोन खाली ठेवावा लागतो. बाप ओट्यावर बसून रात्री अकरापर्यंत रील पाहणार आणि पोराला म्हणणार 'अभ्यास कर', हे सोंग तिथे चालत नाही. बान्सीचा ठराव फक्त मुलांना लागू आहे. शिवाय ठराव केला म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर घेणार कोण? पुढे ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशानेही १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली, पण त्या देशाने जबाबदारी कंपन्यांवर टाकली, मुलांवर आणि आईबापांवर दंड बसवला नाही. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल, तोवर फोन घरात आहे आणि मूलही घरात आहे.

मुलीच्या हातातला फोन

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. तो मुलींचा आहे.

'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारले गेले. ज्यांना स्मार्टफोन चालवता येतो, त्या मुलांपैकी जवळजवळ ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपली मुलगी फोन वापरते तो बहुधा भावाचा किंवा बापाचा. ती तो घाईघाईने वापरते आणि वापरून झाल्यावर सगळे पुसून ठेवते. त्याच पाहणीत समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्यांनाच सुरक्षिततेच्या सोयी ठाऊक असल्याचे दिसले, आणि त्यातही मुली मुलांच्या मागे होत्या. जिला धोका जास्त, तिलाच माहिती कमी.

धोका येतो कसा, ते उघड बोलले पाहिजे. आमच्या माता-भगिनींना हे वाचताना संकोच वाटेल, पण गप्प राहून चालणार नाही. इन्स्टाग्रामवर एक अनोळखी मुलगा बोलू लागतो. किंवा अनोळखी मुलगीच, कारण नाव आणि फोटो खोटे लावता येतात. महिनाभर तो गोड बोलतो, अभ्यासाची चौकशी करतो, आईशी भांडण झाले तर समजूत घालतो. मग एक फोटो मागतो. फोटो गेला की त्याची भाषा बदलते. 'आणखी पाठव, नाही तर तुझ्या बापाला पाठवतो.' आता तर तिने काही पाठवण्याचीही गरज उरलेली नाही. जयंतीच्या मिरवणुकीतला, पांढऱ्या साडीतला तिचा साधा फोटो स्टेटसवरून उचलून त्यापासून नागडे चित्र तयार करणारी यंत्रे निघाली आहेत. मुलगे यातून सुटले आहेत असेही कोणी समजू नये. व्हिडिओ कॉलवर त्यांना नादी लावून, तो कॉल मुद्रित करून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, आणि मुलगे तर लाजेने मुलींहूनही जास्त गप्प राहतात.

अशा वेळी ती पोरगी घरात का सांगत नाही? आमच्या मते प्रश्नाचे मर्म इथेच आहे. तिला धमकी देणाऱ्याची जेवढी भीती वाटते, तेवढीच, किंबहुना जास्त, आपल्या घराची वाटते. बाप फोन फोडील, भाऊ मारील, आई म्हणेल 'बास झाले शिक्षण, आता स्थळ पाहा.' अकरावीला भुसावळला जाणारी मुलगी एका फोटोपायी घरी बसेल. हे तिला ठाऊक आहे, आणि धमकी देणाऱ्यालाही पुरते ठाऊक आहे. त्याचा सगळा धंदा आपल्या घरातल्या या भीतीवर चालतो. तो तिला सांगतो, 'घरी कळले तर तुझे काय होईल बघ,' आणि ती त्याचे ऐकते, कारण तेवढे तरी तो खरे बोलत असतो.

म्हणून फोन हाती देण्याच्या दिवशी आईबापांनी मुलीला एक शब्द द्यावा, आणि तो स्पष्ट बोलून द्यावा. 'काही वाईट घडले, तुझी चूक असली तरी, आधी आम्हाला सांग. आम्ही तुझा फोन बंद करणार नाही, तुझी शाळा तर मुळीच बंद करणार नाही.' हा शब्द बापाने दिलेला अधिक बरा. एकदा देऊन भागत नाही. पेपरात अशी एखादी बातमी आली की पुन्हा आठवण करून द्यावी. बातमी वाचताना 'पोरीचीच चूक असणार' हे वाक्य घरात उच्चारू नये. पोरगी आतल्या खोलीतून ऐकत असते, आणि तेवढ्या एका वाक्याने दिलेला शब्द पाण्यात जातो.

मग तसा प्रसंग आलाच तर काय करायचे? पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत. त्या खात्याचे नाव, नंबर आणि मेसेज दिसतील असे स्क्रीनशॉट घ्यायचे, आणि त्यानंतर त्याला ब्लॉक करायचे. तो फोटो मात्र पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांत फिरवायचा नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय इंटरनेटवर आहे. त्यात फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. पोलीस ठाणे कोणतेही चालते. 'हे आमच्या हद्दीत नाही' असे सांगून परत पाठवता येत नाही.

'तक्रार दिली तर गावात बोभाटा होईल' ही भीती आम्ही जाणतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यात याचा विचार केलेला आहे. मुलीचे नाव, पत्ता, शाळा छापण्यास वा सांगण्यास मनाई आहे. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा आणि त्या वेळी पोलिसाने गणवेशात यायचे नाही. हे सगळे कायद्यात आहे. कोणी तसे करत नसेल तर मागायला लाजू नये.

मुलांनाही एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. वर्गातल्या मुलीचा असा फोटो आपल्याकडे आला आणि आपण तो 'फक्त एका मित्राला' पाठवला, तरी तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय मंडळापुढे जाईल, पण जाईल हे नक्की. असे चित्र फोनमध्ये साठवून ठेवणेसुद्धा गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे. मुलीला घाबरून राहायला शिकवण्यात आपण पिढ्या घालवल्या. आता थोडे कष्ट मुलाला शिकवण्यात घ्यावेत.

राईनपाड्याचा रविवार

फोनमुळे आपलेच मूल फसते असे नाही. त्याच्या बोटाने दुसऱ्याचा जीवही जाऊ शकतो. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या खानदेशातच, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आणि चित्रफिती त्या दिवसांत फोनाफोनांतून फिरत होत्या. त्या दिवशी गावात आलेल्या पाच जणांना लोकांनी त्या टोळीतले ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. ते पाच जण, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले, भिक्षा मागून पोट भरणारे होते. टोळी नव्हतीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

त्या प्रकारांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले आणि पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूणही येऊ लागली. ती खूण मुलांना दाखवावी. दोन बाण दिसले तर तो मेसेज अनेक हातांतून फिरून आला आहे आणि मूळ कोणी लिहिला ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नाही, एवढे त्यांना कळले पाहिजे. कालाम लोकांनी तथागतांना विचारलेला प्रश्न हाच होता, की इतके जण येऊन इतके सांगतात, खरे कोणाचे मानावे? त्यावर मिळालेले उत्तर आपण विहारात दरवर्षी ऐकतो. ऐकून घरी येतो आणि 'पाच जणांना पाठवा, शुभ वार्ता येईल' हा मेसेज पुढे ढकलतो. मोठी माणसे हे करतात, पोरे बघतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. त्यांचा फोन इतरांच्या डोळ्यांत भरतो. १६ मे २०१५ रोजी शिर्डीत सागर शेजवळ या आपल्या तरुण विद्यार्थ्याच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याचा खून झाला. लग्नासाठी आलेला मुलगा होता तो. रिंगटोन बदला असा सल्ला आम्ही कोणत्याही मुलाला देणार नाही. पण मुलांना एवढे समजावले पाहिजे की १४ एप्रिलच्या आसपास आणि निवडणुकीच्या दिवसांत जाणूनबुजून डिवचणारे मजकूर सोडले जातात. महापुरुषांची विटंबना करणारे चित्र आले की आपला मुलगा संतापाने तेच चित्र आणखी दहा ग्रुपांत टाकतो, आणि विटंबना करणाऱ्याचे काम आयतेच होते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून शहर पेटले, तेव्हा एका स्टेटसने काय होते ते सगळ्यांनी पाहिले. संताप यावा. पण चित्र पुढे पाठवू नये, शिवीला शिवीने उत्तर देऊ नये, स्क्रीनशॉट घेऊन मोठ्या माणसाकडे यावे. जातिवाचक शिवीगाळ ऑनलाइन केली तरी तिला ॲट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. तक्रार करायची तर आपल्या बाजूने एकही शिवी गेलेली नसावी. समोरचा वकील आधी तीच शोधतो.

सिम बापाच्या नावावर

पैशाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण यावर बँकाही सांगत असतात. यू.पी.आय.चा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. शिष्यवृत्ती जमा करतो, पिन टाका, असे कोणी म्हणाला की तो चोर. योजनांच्या नावाने येणाऱ्या लिंकवर आधार क्रमांक भरायचा नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, तरी आडमार्गाने ते खेळ येतातच.

ज्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही ते मात्र सविस्तर सांगतो. अठरा वर्षांखालील मुलाच्या नावावर सिम मिळत नाही. त्यामुळे मुलाच्या हातातले सिम बापाच्या किंवा आईच्या नावावर असते, आणि त्या नंबरावरून काही घडले तर पोलीस आधी बापाच्या दारात येतात. मुलाला हे माहीतच नसते. 'मित्राला दे ना ते जुने सिम' असे म्हणून तो ते देऊन टाकतो. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येते. एकदा पाहून घ्यावे. नको असलेला नंबर तिथूनच कळवता येतो.

याहून वाईट प्रकार बँक खात्यांचा आहे. कॉलेजातल्या पोरांना कोणी ओळखीचा येऊन सांगतो, तुझे खाते आणि ए.टी.एम. कार्ड महिनाभर दे, दोन-तीन हजार देतो. शिष्यवृत्तीसाठी काढलेले खाते पडूनच असते. गरिबाच्या पोराला तीन हजार म्हणजे मोठी रक्कम. त्या खात्यातून दुसऱ्याच्या फसवणुकीचे लाखो रुपये फिरतात, खाते गोठते आणि गुन्ह्यात नाव येते ते खातेदाराचे. उद्या पोलीस भरतीला किंवा रेल्वेत चारित्र्य पडताळणीच्या वेळी हीच नोंद आडवी येते. एका नोकरीवर घर वर येण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे तीन हजार फार महाग पडतात.

घरातली शाळा

'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?' असे पालक म्हणतात. फोनची भाषा मराठी करता येते, हे पुष्कळांना माहीतच नसते. ते मुलाकडूनच करून घ्यावे. त्यालाच म्हणावे, 'मला इन्स्टाग्राम दाखव, यात कोण कोण दिसते ते सांग.' दरडावून तपासणी केली की मूल लपवते. शिकवायला सांगितले की तेच मूल उत्साहाने दाखवू लागते, आणि दाखवता दाखवता त्यालाही बोलायला वाट मिळते. आईने हे जरूर करावे. ओवी म्हणत जात्यावर बसणाऱ्या आजीच्या नातीला आईशी बोलायला आज निमित्त लागते; फोन हेच निमित्त होऊ द्यावे.

इन्स्टाग्रामचे खाते तेरा वर्षांच्या आत काढता येत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांच्या खात्यांना आपोआप काही बंधने लागू झाली आहेत. खाते खाजगी राहते, अनोळखी माणसाला मेसेज पाठवता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना वाजत नाहीत, आणि सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधने सैल करायची तर पालकाची परवानगी लागते. सोय चांगली आहे, पण ती खात्यात लिहिलेल्या जन्मसालावर चालते. आणि आपल्याकडे खाते काढून देतो तो मोबाईल दुकानातला पोरगा, चुलतभाऊ किंवा मामा. तो जन्मसाल ठोकून देतो १९९९. चौदा वर्षांची मुलगी त्या यंत्राच्या लेखी पंचविशीच्या पुढची बाई होते आणि एकही बंधन तिला लागू होत नाही. या एका ओळीने किती मुलांचे रक्षण काढून घेतले आहे! बाकी काही जमले नाही तरी खात्यातले जन्मसाल पाहून दुरुस्त करावे.

रात्रीचा नियम एकच असावा. घरात एका जागी, पाण्याच्या माठाजवळ म्हणा किंवा टी.व्ही.च्या फळीवर, सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागतील, आईबापांचे धरून. पांघरुणात फोन कोणाचाही जाणार नाही. दोन खोल्यांच्या घरात सगळे एकत्र झोपतात, तिथे हे पाळणे अवघड नाही. अवघड जाते ते बापाला, असे आम्हाला दिसते. परीक्षेच्या दिवसांत मुलाला पहाटे गजर हवा असतो, त्यासाठी फोन उशाशी लागतो म्हणतात. शंभर-दीडशे रुपयांचे गजराचे घड्याळ आणावे.

आणि हे सगळे एकेका घरावर सोडू नये. आपल्याकडे विहार आहे. वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला आयाबाया, मुले जमतातच. आषाढ ते आश्विन या तीन महिन्यांतल्या चार रविवारी वाचनानंतर अर्धा तास फोनसाठी ठेवला तर वेगळा खर्च नाही. आय.टी.आय. किंवा कॉलेजात शिकणारे दोन-तीन दादा-ताई प्रत्येक वस्तीत आहेत, ते शिकवतील. पहिल्या रविवारी फोन मराठीत करणे, जन्मसाल आणि खाजगी खाते पाहणे. दुसऱ्या रविवारी पैसे, पिन, सिम. तिसऱ्या रविवारी अफवा कशी ओळखायची. चौथा रविवार मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा घ्यावा. मुलींच्या बैठकीत एखादी शिक्षिका, परिचारिका किंवा अंगणवाडी ताई असावी आणि त्या वेळी कोणाचा बाप, भाऊ दाराशी उभा नसावा. १०९८ आणि १९३० हे दोन आकडे विहाराच्या भिंतीवर, वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी, दारातून दिसतील एवढे मोठे लिहून ठेवावेत. रंगाचा एक डबा पुरेल.